आईच्या टाचा रोज बघा

पत्र असं आहे:

“मी इंदूरला सुदामानगरात राहते. वय 54, बँकेत नोकरी. आई 78 वर्षांची. दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं. आज पंधरा दिवस झाले. परवा कपडे सारखे करताना माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. डायपर ओला होता. ती सारखी गुंगीत असते, जागी असली की मराठीत काहीतरी पुटपुटते. विचारलं तर म्हणतात, ‘बुढ़ापे में ये सब होता है मैडम.’ फुटेल म्हणून तिचा चष्माही मला घरी न्यायला लावला. मी रोज संध्याकाळी सहा ते सात जाते. भाऊ पुण्याला असतो, तो फोनवर ‘घरी का आणत नाहीस’ एवढंच म्हणतो. मावशी तर चारचौघांत म्हणाली, ‘आईला टाकलंस.’ तक्रार केली तर राग आईवर निघेल अशी भीती वाटते. मी काय करू?”

ताई,

मावशींच्या बोलण्याचं नंतर बघू. आधी तो चट्टा, कारण तो आपल्यासाठी थांबणार नाही.

आज जाल तेव्हा त्यावर बोटानं हलकं दाबा आणि सोडा. जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर तिथलं रक्त अजून नीट फिरतंय. दाबूनही लाल ती लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. आई सावळ्या असतील तर लाली चटकन दिसणार नाही, मग आजूबाजूपेक्षा तो भाग हाताला गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतोय का ते बघा. या पायरीवर कातडी फाटलेली नसते आणि दाब काढला की ती बहुतेक वेळा सावरते. पुढे कातडी सुटते, मग चरबीपर्यंत जातं, शेवटी हाडापर्यंत. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत बरीच पसरलेली असू शकते. म्हणून आजच. सेंटरच्या डॉक्टरांना तो चट्टा तुमच्यासमोर बघायला लावा आणि केस पेपरवर लिहून घ्या.

मग टाचा बघा. पायावरची चादर काढून दोन्ही टाचांची मागची बाजू. ऑपरेशन झालेला पाय माणूस हलवत नाही, त्यामुळे त्या बाजूची टाच तासन्‌तास गादीला टेकलेली राहते आणि तिकडे कुणाचंही लक्ष जात नाही. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची असते. अंथरुणातल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, खुर्चीत बसवलं तर तासाभरात दाब हलवायचा. पूर्ण आडवं कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं. ऑपरेशनच्या बाजूवर वळवायचं की नाही आणि पायांमध्ये उशी हवी की नको, हे ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना विचारून कागदावर घ्या, कारण हे ऑपरेशनच्या प्रकारावर ठरतं. लाल झालेली जागा चोळू देऊ नका, तेल लावूनही नाही. मधे भोक असलेली हवेची रिंगही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. एअर मॅट्रेस चांगली, पण ती आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. आणि जेवणात डाळ, दूध, दही, पनीर, खात असतील तर अंडं असं रोज काहीतरी पोटात जायला हवं. नुसत्या पातळ खिचडीवर कातडी भरून येत नाही.

‘बुढ़ापे में ये सब होता है’ या वाक्याचा मला मनापासून संताप येतो. म्हातारपणानं कातडी पातळ होते हे खरं. पण चट्टा पडतो तो दाबानं, ओलीनं आणि उपाशीपणानं, आणि या तिन्ही गोष्टी माणसांच्या हातातल्या असतात.

तरीही समोर दिसेल त्या आयावर तुटून पडू नका. आधी एक प्रश्न विचारा: रात्री एका आयाकडे किती पेशंट असतात? समजा उत्तर आलं, चौदा. एका माणसाला नीट वळवायचं, उशी लावायची, ओलं असेल तर बदलायचं, याला सहा-सात मिनिटं लागतातच. चौदा जणांना 84 ते 98 मिनिटं. दोन तासांची मिनिटं 120. उरलेल्या वेळात तिनं पाणी पाजायचं, लघवीचं भांडं द्यायचं, कुणी ओरडलं तर धावायचं, आणि हे बारा तास सलग. शिवाय काही पेशंट एकटीला वळवता येत नाहीत, दोघी लागतात. म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलतो असं जे सेंटर सांगतं, ते चौदाला एक या हिशेबात खरं असूच शकत नाही. तिथे आयाचं मन कितीही चांगलं असो. तुमचं भांडण त्या आकड्याशी आहे आणि तो आकडा मालकानं ठरवलाय. या बायका बहुतेक एजन्सीकडून आलेल्या असतात, पगारातून एजन्सीचा हिस्सा कापलेला असतो. तिचं नाव विचारा, नावानं हाक मारा. हळूच पन्नास-शंभर हातावर ठेवू नका. त्यानं शेजारच्या खाटेवरच्या, ज्यांना कुणी भेटायला येत नाही त्या आजींच्या वाटणीचा वेळ आपण विकत घेतो.

आता गुंगी. याला मी चट्ट्याइतकंच गंभीर मानते. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम होणं नेहमीचं आहे. घरच्यांना वाटतं, आई एकाएकी वेडी झाली. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो, पण दुसरा एक गप्प प्रकार असतो. त्यात माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो, पुन्हा मिटतो. तो सुटून जातो, कारण शांत पेशंट कुणाला नको असतो? यामागे लघवीतला जंतुसंसर्ग असतो, पाणी कमी पडलेलं असतं, सोडियम उतरलेलं असतं, चार-चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. किंवा एखादी गोळी असते. सगळ्या औषधांची यादी मागा आणि त्यात रात्रीची गोळी कोणती, ती कोणी लिहिली, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर ती होती का, हे बघा. नसेल तर कुणी आणि कशासाठी सुरू केली हे डॉक्टरांनी सांगायला हवं. तुम्ही स्वतः मात्र एकदम बंद करू नका. लघवीची नळी अजून असेल तर ती आजही कशासाठी हवी, हे विचारा. नळी जितके दिवस, संसर्गाची शक्यता तितकी जास्त.

आणि पुटपुटणं. ताई, इथे मला माझ्या घरातलं सांगायलाच हवं.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला आणि काही आठवडे त्या अशाच एका केंद्रात होत्या. पन्नास वर्षं इंदुरात काढलेली बाई. नंदलालपुऱ्याच्या भाजीवाल्यांशी अस्सल इंदुरी हिंदीत घासाघीस करायच्या. झटक्यानंतर हिंदी जणू पुसली गेली, उरली ती फक्त मराठी, तीही तुटकी. दोन भाषा बोलणाऱ्यांत असं होतं, एक भाषा परत येते, दुसरी मागे राहते. तिथली रात्रीची मुलगी गरीब होती, कष्टाळू होती. एक दिवस तिनं मला विचारलं, “दीदी, आपके यहाँ कोई कुसुम है क्या? अम्माजी रातभर कुसुम-कुसुम करती हैं.” आमच्या नात्यात कुसुम नाही. मीही म्हटलं, माहेरची कुणी मैत्रीण आठवत असेल. पुढे चार-पाच दिवसांनी मी हट्टानं एक रात्र तिथे थांबले. दोनच्या सुमारास आवाज आला. “कूस... कूस वळव गं... कूस...”

त्या करवट बदलून मागत होत्या. रात्रीमागून रात्री. आणि आम्ही कुसुम शोधत होतो. तोवर कमरेच्या बाजूला जखम उघडी पडली होती, ती भरायला चार महिने लागले.

म्हणून सांगते, आई काय पुटपुटतात ते तोंडाजवळ कान नेऊन ऐका आणि आज रात्रीच एक कागद करा. मोठ्या अक्षरात, डावीकडे आईचा शब्द, उजवीकडे हिंदी. कूस म्हणजे करवट. लघवी म्हणजे पेशाब. ओलं म्हणजे गीला. तहान म्हणजे प्यास. घसा म्हणजे गला. टोचतंय म्हणजे चुभ रहा है. कळ येतेय म्हणजे ज़ोर का दर्द. मळमळतंय म्हणजे जी मिचला रहा है. गार म्हणजे ठंडा. तुमच्या घरातले खास शब्दही घाला, प्रत्येक घरात लघवी-शीसाठी वेगळेच असतात. कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवा आणि रात्रपाळीच्या मुलीला स्वतः वाचून दाखवा. ती वाचू शकत नसेल तर चार शब्द तोंडपाठ करून घ्या. कूस, लघवी, ओलं, तहान एवढे चार तरी.

या पिढीच्या बायकांची आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. परक्या माणसाकडे भांडं मागायची लाज वाटते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. तोंड कोरडं, लघवी गडद, मग संसर्ग, मग गुंगी. तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर बघायची गोष्ट म्हणजे पाण्याचा पेला. आईचा हात पोचेल असा आहे, की भिंतीकडच्या टेबलावर झाकून ठेवलाय? घंटीचं बटणही तसंच. चकचकीत फरशी आणि रिसेप्शनवरचा गणपती यांपेक्षा त्या पेल्यावरून जागा जास्त कळते.

तुम्ही रोज सहा ते सात जाता. तिथे हे सगळ्यांना पाठ झालंय. साडेपाचला आईंचा डायपर बदलत असणार, वेणी घालत असणार, आणि तरीही तुम्हाला तो ओला सापडला, यावरून बाकीच्या वेळेचा अंदाज करा. वेळ मोडा. एक दिवस ऑफिसला जायच्या आधी सकाळी साडेसहाला जा, रात्रपाळी संपायच्या आत. एकदा दुपारी जेवणाच्या वेळी. भरवताना बसवतात की आडव्यानंच तोंडात घालतात ते बघा, कारण आडव्यानं भरवलेलं श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. एकदा रात्री नऊनंतर. आणि सणाला जरूर जा. दिवाळीला, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी, निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो आणि तेव्हाच या जागांची परीक्षा होते. ठरलेल्या वेळेशिवाय आत सोडत नाही असं ते म्हणाले तर कारण विचारा. आयसीयू नसलेल्या ठिकाणी लेकीला आईजवळ जायला मज्जाव असेल तर मला ती जागा नको वाटते.

तुम्ही आईंना तिथे कशासाठी ठेवलंत, चालायला लागाव्यात म्हणून. मग फिजिओथेरपिस्टना गाठा आणि विचारा: मागच्या आठवड्यात काय जमत नव्हतं जे आज जमतं? खाटेवरून पाय खाली सोडून बसणं, आधारानं उभं राहणं, वॉकर घेऊन चार पावलं, संडासपर्यंत जाणं, असं काहीतरी मोजता येणारं उत्तर हवं. खाटेवर दहा मिनिटं पाय वरखाली करून वहीत सही होत असेल तर तिथे सांभाळण्याचे पैसे चाललेत, रिहॅब होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीची ताकद पडून राहिल्यानं दिवसादिवसाला उतरते, आणि गेलेली परत मिळवायला कितीतरी जास्त दिवस लागतात.

तक्रारीची भीती खोटी नाही. म्हणून आवाज न चढवता, लिहून करा. मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख-वेळ घालून: अमुक दिवशी माकडहाडाजवळ लाली दिसली, दर दोन तासांनी कूस बदलून त्याची नोंद खाटेपाशी ठेवावी, औषधांची यादी द्यावी, डॉक्टरांनी आज तपासावं. चट्ट्याचा फोटो काढताना आईंना सांगून काढा, तेवढ्याच जागेचा, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. केस पेपरची प्रत मागायचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागते. लिहिलेलं आहे हे कळलं की राग काढायची हिंमत सहसा होत नाही, उलट त्या पेशंटकडे जास्त वेळा चक्कर होते. मी हे पाहिलंय.

त्याच वेळी ही जागा नेमकी कशी नोंदलेली आहे ते विचारा. ‘रिहॅब सेंटर’ हा शब्द आपल्याकडे नशामुक्ती केंद्रालाही लावतात, फिजिओथेरपीच्या दवाखान्यालाही, आणि खाटा टाकून म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बंगल्यालाही. उपचार करणाऱ्या नर्सिंग होमना मध्य प्रदेशात 1973 च्या कायद्याखाली नोंदणी आणि परवाना लागतो, तो जिल्ह्याच्या सीएमएचओ (मुख्य चिकित्सा आणि आरोग्य अधिकारी) ऑफिसातून मिळतो आणि तक्रारही तिथेच जाते. भिंतीवर तो परवाना दिसायला हवा. रात्री जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली नर्स असते की फक्त आया, डॉक्टर किती मिनिटांत पोचतात, हेही याच सुरात विचारून घ्या. सेंटरनं दाद दिली नाही तर सीएम हेल्पलाइन 181 आहे, मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. पैसे घेऊन सेवा दिली नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं, त्याला दोन वर्षांची मुदत असते, चौकशीसाठी फोन 1915. पण हे सगळं नंतरचं. आधी कातडी वाचवा.

मी तुमच्या जागी असते तर त्यांना एक आठवडा दिला असता. आठवड्यात चट्टा फिका पडला, आई जाग्या राहू लागल्या, नोंदवही भरलेली दिसली, तर राहू दे. मात्र तीन गोष्टींत आठवडाही थांबू नका. कातडी फाटली किंवा काळी पडली. ताप आला, किंवा हाक मारून नीट जाग येईना. मनगटावर बांधल्याच्या खुणा किंवा काळंनिळं दिसलं आणि कुणी कारण सांगेना. पहिल्या दोन्हींत सरळ हॉस्पिटल. आईंचं 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलेलं नसेल तर काढून ठेवा, 2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता ते सगळ्यांना मिळतं आणि यादीतल्या हॉस्पिटलात वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांना चालतं. सेंटरमध्ये सांभाळायचा खर्च त्यात बसत नाही. तिसऱ्या बाबतीत त्याच दिवशी आईंना तिथून हलवा.

घरी आणायचं का? घर म्हणजे आपोआप चांगलं, असं मला वाटत नाही. तुम्ही सकाळी नऊला निघून संध्याकाळी सहाला परतणार असाल आणि मधे एकच बाई असेल, तर कूस घरीही तशीच राहते, फक्त बघणारं कुणी नसतं. घरी आणायचं तर दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बाया, वरखाली होणारी खाट, कमोड, न्हाणीघरात भिंतीला पकडायचे दांडे आणि न घसरणारी फरशी, आणि घरी येणारा फिजिओ, एवढं आधी जमवा. ज्या न्हाणीघरात त्या पडल्या ते जसंच्या तसं ठेवून आईंना परत आणणं मला पटत नाही.

याचा खर्च मोजून कागद भावाला पाठवा. ‘घरी का आणत नाहीस’ या प्रश्नाला उत्तर म्हणून आकडे आणि एक ओळ: यातलं तू काय उचलतोस? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलावर आणि मुलीवर सारखीच आहे. कोर्टकचेरी करा असं मी म्हणत नाही, पण मनातल्या मनात सगळं एकट्या लेकीच्या खात्यावर लिहू नका. पैसे जमत नसतील तर महिन्यातून चार दिवस येऊन त्यानं रात्र काढावी. मराठी कळणारे दोन कान आईंना रात्री मिळतील.

आणि मावशी. टाकलेल्या आईच्या पाठीवरचा चट्टा कुणी बघत नाही, ताई. तुम्ही बघितलात, आणि त्यासाठी मला पत्र लिहिलंत. मावशींना मंगळवारी दुपारी दोन ते चार आईंजवळ बसायला सांगा. आपल्या माणसाशी मराठीत गप्पा झाल्या तर भ्रम ओसरायला खरंच मदत होते, आणि मावशींचंही बोलणं कदाचित बदलेल.

उद्या सकाळी साडेसहाला जाल तेव्हा तो शब्दांचा कागद घ्या. आणि चष्मा घ्या. फुटला तर दुसरा करता येईल. पंधरा दिवस त्यांना माणसांचे चेहरेच नीट दिसलेले नाहीत.